प्रेअरी डॉगची दिनचर्या आणि शिकाऱ्याची करमणूक

शेतांत राबणाऱ्या मनुष्याच्या हातून जीवहत्या घडत नाहीं असें कोणी म्हणणार नाहीं. कणगीला लागलेले उंदीर त्याला मारावे लागतात. उंबऱ्याशीं निघालेला नाग ठेचावा लागतो. पिकावर पडलेली कीड औषध मारून नाहींशी करावी लागते. ह्यासाठीं त्याला निर्दय म्हणावें असें आम्हांस वाटत नाहीं. परंतु तोच मनुष्य जर सुटीच्या दिवशीं दुसऱ्या गांवीं गेला, तेथील शेतकऱ्याला पैसे देऊन त्याच्या बांधावर बसला, दिवसभर एकामागून एक उंदीर मारीत राहिला, आणि सायंकाळीं आज दोनशें मारले असें हर्षानें सांगत घरीं परतला, तर त्याच्याविषयीं आपण काय म्हणूं? उंदीर तर तेच, मेलेही सारखेच. मग आपल्या मनाला जें खटकतें तें काय?

हा प्रश्न आम्हीं बसल्या बसल्या रचलेला नाहीं. अमेरिकेच्या मध्यभागीं जीं विस्तीर्ण गवताळ मैदानें आहेत व ज्यांस तिकडे प्रेअरी म्हणतात, तेथें हा व्यवहार प्रत्यक्ष चालतो. मात्र तेथील प्राणी उंदीर नसून त्याचें नांव प्रेअरी डॉग असें आहे. डॉग म्हणजे कुत्रा खरा, पण ह्या प्राण्याचा कुत्र्याशीं कांहीं संबंध नाहीं. हा खारीच्या कुळांतला, जमिनींत बीळ करून राहणारा, मातकट रंगाचा, शेंपटीसकट सुमारें हातभर लांब व वजनानें एक किलोच्या आसपास असा गवत खाणारा प्राणी आहे. शत्रु दिसला कीं तो कुत्र्याच्या पिलाप्रमाणें भुंकतो, म्हणून त्याला हें नांव पडलें. त्याच्या एकंदर पांच जाती आहेत. त्यांपैकीं ज्या जातीच्या शेंपटीचें टोंक काळें असतें ती सर्वांत अधिक पसरलेली असून, पुढें जें लिहिलें आहे तें मुख्यतः तिच्याविषयीं समजावें.

गोऱ्या लोकांस ह्या प्राण्याची पहिली नीट ओळख १८०४ सालीं झाली. लुईस व क्लार्क हे दोघे सरदार अमेरिकन सरकारच्या आज्ञेनें पश्चिमेचा मुलूख पाहण्यास निघाले होते. त्यांच्या मंडळीनें ७ सप्टेंबर रोजीं, आतां ज्यास नेब्रास्का म्हणतात त्या प्रांतांत, ह्या प्राण्यांचें एक गांवच पाहिलें. एक जिवंत धरावा म्हणून त्यांनीं बिळांत पिंपांनीं पाणी ओतलें, जमीन खणली, आणि दिवसाचा मोठा भाग खर्ची घालून एकच हातीं लागला. पुढें १८०५ च्या वसंत ऋतूंत त्यांनीं एक जिवंत प्रेअरी डॉग अध्यक्ष जेफर्सन ह्यांजकडे रवाना केला. तो नदींतून व समुद्रांतून कित्येक महिने प्रवास करून ऑगस्टांत राजधानीस जिवंत पोहोंचला. एका लहानशा जनावरासाठीं इतके श्रम घेणारे लोक व त्याच जनावराला बैठकीवरून टिपणारे लोक एकाच देशांतले आहेत, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

आतां ह्या प्राण्याचा दिवस कसा जातो तें पाहूं. कारण शिकाऱ्याचें सारें कसब ह्या दिवसावरच उभें आहे.

प्रेअरी डॉग रात्रीं कधींही बाहेर पडत नाहीं. सूर्य वर आला कीं बिळाच्या तोंडाशीं प्रथम एक डोकें दिसतें. तें बराच वेळ इकडे तिकडे पाहतें. मग अंग बाहेर येतें. मग शेजारच्या बिळांतून दुसरें डोकें निघतें. थोड्याच वेळांत साऱ्या मैदानावर लहान लहान आकृति उभ्या राहिलेल्या दिसूं लागतात. एका कुटुंबांत बहुधा एक नर, तीन-चार माद्या व त्यांचीं पिलें असतात. सकाळीं एकमेकांची गांठ पडली म्हणजे तीं तोंडाला तोंड लावितात. ह्या रीतीनें आपला कोण व परका कोण हें कळतें, व परका असल्यास त्याला पिटाळून लाविलें जातें. त्यानंतर चरणें सुरू होतें. जें गवत खावयाचें नाहीं तेंही उंच वाढलें असल्यास कुरतडून पाडण्यांत येतें, कारण उंच गवतांत कोल्हा दबा धरून बसतो. उन्हाळ्यांत दुपारची काहिली सुरू झाली कीं सर्व बिळांत उतरतात व ऊन कलल्यावर पुन्हा वर येतात. म्हणजे उन्हाळ्याच्या दिवसाचे दोन भाग पडतात. हिंवाळ्यांत ह्याच्या उलट, थंडी मोडल्यावर, दुपारच्या सुमारासच त्यांची वर्दळ असते. बर्फाचें वादळ असल्यास तीं कित्येक दिवस वर येतच नाहींत. इतर जातींपैकीं कांहीं तर चार-पांच महिने झोंपूनच काढतात; काळ्या शेंपटीची जात तसें करीत नाहीं.

पाऊस पडून गेला कीं ह्या गांवांत मोठी धांदल उडते. माती ओली असते तोंवर बिळाभोंवतींचा बांध नीट करून घ्यावयाचा असतो. तीं माती ओढून आणितात व नाकाच्या शेंड्यानें ठोकून ठोकून बसवितात. असा बांध पुराचें पाणी आंत शिरूं देत नाहीं. शिवाय बिळाला दोन तोंडें असून एकाचा बांध उंच व दुसऱ्याचा बसका असतो, त्यामुळें वरून वारा वाहिला म्हणजे आंतील हवा आपोआप बदलते. हें १९७३ सालीं शास्त्रज्ञांनीं मोजून दाखविलें. दोन-तीन मीटर खोल जमिनींत राहणाऱ्या जिवाला गुदमरल्याशिवाय निजतां येतें तें ह्या युक्तीनें.

पण सर्वांत लक्षांत घेण्यासारखी गोष्ट पहाऱ्याची आहे. चरत असतां प्रत्येक जण मधून मधून मान वर करितो, आणि कोणी ना कोणी बांधावर उभा असतोच. ससाणा, कोल्हा किंवा मनुष्य दृष्टीस पडला कीं तो भुंकूं लागतो. सर्व आपापल्या बिळाकडे धांवतात, परंतु लागलीच आंत शिरत नाहींत. बांधावर दोन पायांवर ताठ उभे राहून शत्रु कोठें आहे तें पाहतात. नॉर्दर्न ॲरिझोना विद्यापीठाचे कॉन स्लोबोडचिकॉफ ह्यांनीं गनिसन नांवाच्या जातीच्या आरोळ्या अनेक वर्षें तपासल्या. ससाण्यासाठीं एक, कोल्ह्यासारख्या कोयोटासाठीं दुसरी, मनुष्यासाठीं तिसरी अशा त्या निरनिराळ्या असतात, असें त्यांस आढळलें. साउथ डकोटांतील विंड केव्ह येथें जॉन हूगलंड ह्यांनीं काळ्या शेंपटीच्या जातीचा दीर्घ अभ्यास केला. ज्याचे नातलग जवळ राहतात तो इशारा अधिक वेळां देतो, असें त्यांनीं दाखविलें. आरोळी देणारा स्वतः उघड्यावर असतो व शत्रूचें लक्ष आपल्याकडे ओढून घेतो. शत्रु निघून गेल्यावर एक जण पुढचे पाय वर फेंकून, मान मागें टाकून, उडी मारल्यासारखें करून ओरडतो. शेजारचा तसेंच करितो, त्याच्या पलीकडचाही. ही लाट गांवभर पसरते, आणि शेजारी किती सावध आहेत हें तिच्यावरून पारखून, भरंवसा वाटला तर पहिला पुन्हा निर्धास्तपणें चरूं लागतो.

शिकारी येतो तो ह्याच वेळेला. तो दोनशें, तीनशें, कधीं त्याहूनही अधिक यार्डांवर एका फिरत्या बैठकीवर बसतो. त्याच्यापाशीं बारीक गोळीच्या, दुर्बीण लाविलेल्या एकाहून अधिक बंदुका असतात; कारण एका दिवसांत तो शेंकडों गोळ्या झाडतो, व एक नळी तापली म्हणजे ती निवेपर्यंत दुसरी घ्यावी लागते. सकाळ व तिसरा प्रहर हा त्याचा कामाचा वेळ. दुपारीं तोही विसावा घेतो, कारण लक्ष्यच बिळांत गेलेलें असतें. पहिल्या आवाजाबरोबर सर्व धांवून बांधावर ताठ उभे राहतात, आणि ताठ उभ्या राहिलेल्या वस्तूवर नेम धरणें सोपें असतें. कोयोटापासून वांचविणारी जी सवय, तीच बंदुकीपुढें घात करिते. जो टेहळणीला उभा होता तो बहुधा प्रथम पडतो. मेलेले प्राणी कोणी उचलीत नाहीं. कांहीं जखमी होऊन बिळांत शिरतात. त्यांची मोजदाद होत नाहीं.

शिकाऱ्याला विचारलें तर तो सांगेल, कीं मीं ह्या शेतकऱ्याचें काम करितों. हा उपद्रवी प्राणी आहे. हें म्हणणें तपासल्याशिवाय टाकून देणें न्याय्य होणार नाहीं. प्रेअरींत गुरें पाळून पोट भरणाऱ्या मनुष्याला गवताची काडीन् काडी मोलाची वाटते, हें आपणांस कोणीं शिकवावयास नको. १९०२ सालीं मेरियम नांवाच्या सरकारी प्राणिशास्त्रज्ञानें हिशेब छापला, कीं ३२ प्रेअरी डॉग एका मेंढीइतकें व २५६ एका गाईइतकें गवत खातात. १९०५ सालीं बेली नांवाच्या दुसऱ्या शास्त्रज्ञानें टेक्सस प्रांतांतील एक वसाहत शंभर मैल रुंद व अडीचशें मैल लांब असून तींत चाळीस कोटि प्राणी असावेत असा अंदाज केला. असे आंकडे ऐकल्यावर गरीब शेतकऱ्यानें काय करावें? विष घालण्याची मोहीम निघाली. प्रथम व्यक्तिशः व मग सरकारी खात्याच्या देखरेखीखालीं, स्ट्रिक्नीन लाविलेले ओटचे दाणे बिळांपाशीं मैलोगणती पेरले गेले. हें विष काजऱ्याच्या बियांतून निघतें. तें झाड आपल्या कोंकणांतील लोकांस ओळखीचें आहे. नांगर, विष व पुढें प्लेगची सांथ ह्या तिहींनीं मिळून ह्या प्राण्याचा मुलूख इतका आटला, कीं पूर्वींच्या शंभर भागांतले दोन-तीनच उरले आहेत.

पुढें मात्र लोकांनीं अंदाज सोडून मोजमाप सुरू केलें. प्रेअरी डॉग व गाय ह्यांचें खाणें पुष्कळसें एक आहे हें खरें ठरलें. पण वसाहतींतील वारंवार खुडलेलें गवत कोंवळें व अधिक कसदार असतें, आणि गुरें व बायसन तेथें आपण होऊन चरावयास जातात, असेंही आढळलें. कोलोरॅडोंत झालेल्या व २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत, कुरणाचा पांचवा भाग वसाहतीनें व्यापला असतां गोऱ्ह्यांच्या वजनाची वाढ शेंकडा साडेपांचच्या सुमारास घटली, व अर्ध्याहून अधिक भाग व्यापला असतां शेंकडा चौदा. तेव्हां नुकसान मुळींच नाहीं असें म्हणणारा शहाणा नव्हे. आणि दोनशें छपन्नांनीं एक गाय उपाशी मरते असें म्हणणाराही नव्हे. अवर्षणाच्या सालीं शेंकडा पांचही जड जातात, व अशा मनुष्यानें आपल्या कुरणांतील वसाहत आटोक्यांत ठेवली तर त्याला दोष देण्यास आमची जीभ उचलत नाहीं.

ह्या प्राण्याला उपद्रवी हें नांव एकदां लागलें आणि त्याच्याविषयीं आणखी कांहीं विचारण्याची गरज लोकांस राहिली नाहीं. दुसऱ्यानें लाविलेलें नांव विचाराचें दार कसें बंद करितें, हें आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस अनुभवानें ठाऊक आहे.

येथें दयाळू लोकांकडून एक चूक होते. ते म्हणतात, पाहा, हे प्राणी किती प्रेमळ, किती एकोप्यानें राहणारे. ह्यांना मारवतें तरी कसें! पण ह्याच हूगलंड ह्यांनीं असेंही दाखविलें आहे, कीं दूध पाजणाऱ्या माद्या संधि साधून आपल्याच बहिणीच्या किंवा मुलीच्या बिळांत शिरतात व तिचीं पिलें मारून खातात. पिलांच्या मृत्यूचें हें एक मोठें कारण आहे. तेव्हां ह्या प्राण्यांच्या सद्गुणांवर त्यांचा बचाव उभारूं गेल्यास तो कोसळेल. शिवाय, सद्गुणी असेल त्याच्याशींच न्यायानें वागावें असें ठरलें, तर मनुष्यांतही फार थोड्यांच्या वांट्याला न्याय येईल. विचार करावयाचा तो मारणाऱ्याच्या बाजूनें केला पाहिजे: त्याला काय पाहिजे होतें, व तें मिळविण्यास हा जीव घेणें अवश्य होतें काय?

ह्या कसोटीवर तिघे जण उभे करूं. ॲरिझोना व न्यू मेक्सिको येथील नवाहो लोक पिढ्यान् पिढ्या प्रेअरी डॉग मारून खात आले आहेत. निखाऱ्यांत व मातींत पुरून भाजलेलें त्याचें मांस त्यांच्यांत आवडीचें मानतात. त्याला अन्न पाहिजे असतें, व शिकार म्हणजे तें अन्नच. दुसरा गुराखी. त्याला गवत पाहिजे असतें. प्राणी दुसरीकडे गेला, किंवा कमी झाला, किंवा मधें उंच गवताचा पट्टा राखल्यानें पुढें सरकला नाहीं, तरी त्याचें काम होतें. मरण हा त्याच्या दृष्टीनें एक उपाय, आणि दुसरा उपाय सांपडल्यास तो सोडून देण्यास त्याला वाईट वाटणार नाहीं. तिसरा बैठकीवरचा शिकारी. उद्यां सर्व प्रेअरी डॉग आपण होऊन कुरण सोडून गेले, तर गुराखी संतोष पावेल. हा मात्र खट्टू होऊन जाईल. त्याला अन्न नको, कातडें नको, गवतही नको. मरण हेंच त्याला पाहिजे असलेली वस्तु आहे. मनुष्याला प्राण्यांवर सत्ता दिलेली आहे असें आपण मानतों. पण सत्ता चालविणें म्हणजे सत्तेखालीं असलेल्याच्या मरणानें मन रमविणें, असा अर्थ कोणीं चांगल्या धन्यानें कधीं केलेला आम्हांस ठाऊक नाहीं.

शिकाऱ्याजवळ ह्याहून बळकट उत्तर एक आहे व तें ऐकून घेतलें पाहिजे. तो म्हणेल: मीं न आल्यास शेतकरी विष घालील, विषानें साऱ्या वसाहतीचा नायनाट होतो व मरणही तडफडून येतें, माझी गोळी क्षणांत काम करिते, आणि मीं पैसे देतों म्हणूनच कित्येक मालक वसाहत राखून ठेवितात. ह्यांत तथ्य आहे. ज्या प्राण्यापासून दोन पैसे मिळतात त्याला मालक समूळ नष्ट करीत नाहीं. कोणा मालकापुढें विष कीं शिकारी एवढेच दोन मार्ग असतील, तर त्यानें शिकारी निवडला म्हणून आम्ही त्याला दुष्ट म्हणणार नाहीं. परंतु दुसऱ्याचें अधिक वाईट कृत्य टळतें म्हणून माझी करमणूक शुद्ध झाली, असा हिशेब लागत नाहीं. वसाहत राखावी म्हणून पैसे द्यावयाचे तर ते बंदुकीशिवायही देतां येतात. आणि तसे देण्यास हा गृहस्थ तयार होतो कीं नाहीं, ह्यावरून त्याचें मन त्याला स्वतःलाच पारखतां येईल.

राहिली क्षणांत येणाऱ्या मरणाची गोष्ट. ती मेलेल्यांपुरती पुष्कळदां खरी असेल. पण जे वांचले त्यांचें काय होतें? वायोमिंग राज्यांत जोनाथन पॉली व स्टीव्हन बस्कर्क ह्यांनीं कांहीं वसाहतींत शिकार होऊं दिली व कांहींत होऊं दिली नाहीं, आणि दोहोंची तुलना करून २००७ सालीं ती प्रसिद्ध केली. जेथें बंदूक चालली तेथील उरलेले प्राणी पूर्वीच्या आठपट सावध राहूं लागले. त्यांचें बिळाबाहेर राहणें व चरणें शेंकडा ६६ नें घटलें. मोठ्यांच्या अंगाची पुष्टि शेंकडा ३५ नें उतरली. दुसऱ्या वर्षीं गाभण राहणाऱ्या माद्या निम्म्यावर आल्या, व एकंदर प्रजा फार कमी झाली. वर वर्णन केलेला तो दिवस, सकाळचें चरणें, दुपारचा विसावा, सायंकाळचें चरणें, हा त्यांच्यासाठीं उरलाच नाहीं. बिळाच्या तोंडाशीं डोकें काढून पाहत राहणें एवढेंच उरलें. गुराखी म्हणेल, बरें झालें, प्रजा घटली. त्याच्या तोंडीं तें शोभेल. पण मौजेसाठीं आलेल्याला ह्याचा जबाब द्यावा लागेल, कारण त्यानें मारलें दोनशें, आणि ज्यांना गोळी लागली नाहीं त्यांच्याही तोंडचा घांस काढला.

कोणी म्हणतात कीं हा प्राणी प्लेग पसरवितो, म्हणून मारावा. प्लेगचें नांव घेतलें कीं आपल्या लोकांच्या मनांत १८९६ ची मुंबई व १८९७ चें पुणें उभें राहतें. त्याच फेऱ्यांतला प्लेग जहाजांतून १९०० सालीं सॅन फ्रान्सिस्कोस उतरला व तेथून पिसवांवाटे रानांत शिरला. प्रेअरी डॉगला ही व्याधि नवी. ती गांवांत शिरली कीं थोड्याच आठवड्यांत जवळजवळ सर्व मरतात. त्यांच्या पिसवांपासून मनुष्यास धोका क्वचित् होतो, म्हणून मेलेल्यास हात लावूं नये हें बरोबर. पण तो रोगाचा आणणारा नव्हे.

आणि ह्या गांवावर दुसऱ्यांचेंही पोट आहे. काळ्या पायांचें फेरेट म्हणून मुंगसाएवढें एक जनावर जवळजवळ सर्वस्वीं प्रेअरी डॉगवरच जगतें व त्याच्याच बिळांत राहतें. तें नामशेष झालें असें समजलें जात असतां १९८१ सालीं वायोमिंगमधील मिटीट्सी गांवाजवळ एका पाळीव कुत्र्यानें एक मारून घरीं आणिलें, तेव्हां थोडीं उरलीं असल्याचें कळलें. १९८७ पर्यंत राहिलेलीं अठराच्या अठरा धरून त्यांची पैदास करण्यांत आली, व १९९१ पासून तीं पुन्हा रानांत सोडण्यांत येऊं लागलीं. टाकून दिलेल्या शवांवर गरुड व ससाणे येतात. फुटून पसरणाऱ्या गोळ्यांनीं मारलेल्यांपैकीं शेंकडा ८७ शवांत शिशाचे कण सांपडले आहेत, आणि शिसें हें पक्ष्यांस विष होय.

शेवटीं ऋतूविषयीं दोन शब्द. मादी वर्षांतून एकदांच विते. फेब्रुवारी-मार्चांत तिचा काळ येतो, पांच आठवड्यांनीं तीन-चार पिलें होतात, आणि तीं सुमारें सहा आठवडे बिळांत, अंधारांत, तिच्या दुधावर असतात. मे-जूनांत तीं प्रथम उजेडांत येतात. ह्या मुदतींत बांधावर उभी असलेली मादी पडली, तर खालीं काय घडतें हें वर कोणास दिसत नाहीं. म्हणून कोलोरॅडो व साउथ डकोटा ह्या राज्यांनीं सार्वजनिक जमिनीवर मार्चपासून जूनच्या मध्यापर्यंत ही शिकार बंद ठेवण्याचा नियम केला. खाजगी कुरणांस तो लागू नाहीं. तेथें मे महिन्यांत सकाळीं फाटकाशीं मोटार येऊन उभी राहते, तेव्हां पैसे देणारा व पैसे घेणारा असे दोघेच असतात, आणि कडी मालकाच्या हातांत असते.